जुन्या रेल्वेपुलाचे कोरीव चित्र घरी लावताना या चुका टाळा

पाताळपाणी ते कालाकुंड हा घाट ज्यांनी मीटर गेजच्या गाडीतून पाहिला आहे, त्या इंदूरकरांना रेल्वेच्या पुलांचे आकर्षण वेगळे सांगावे लागत नाही. ज्या शहराच्या रेल्वेसाठी तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी १ कोटी रुपये कर्जाऊ दिले, तेथील दिवाणखान्यात एकोणिसाव्या शतकातील एखाद्या व्हायाडक्टचे, म्हणजे दरी ओलांडणाऱ्या अनेक कमानींच्या पुलाचे, कोरीव चित्र (लाकडी ठोकळ्यावर कोरून कागदावर छापलेले चित्र) शोभून दिसते. मात्र अशा चित्रात जे काही आहे ते सगळे रेषांनी उभे केलेले असते. आभाळ, दगडाची खरबरीत बाजू, कमानीखालची सावली, सारे काही बारीक समांतर रेषांचेच असते. ही गोष्ट लक्षात न घेता प्रिंट काढली, की चौकट कितीही महाग असली तरी चित्र निर्जीव दिसते.

सर्वांत मोठी चूक फाइल निवडताना होते. मोबाइलवर सुरेख दिसणारे चित्र १८ × १२ इंचांवर छापायचे असेल, तर ३०० डीपीआयच्या (दर इंचाला ३०० ठिपके) हिशेबाने ५४०० × ३६०० पिक्सेल लागतात. त्याहून लहान फाइल सॉफ्टवेअरने ताणून मोठी केली, की रेषा एकमेकींत मिसळतात आणि दगडी बांधकामाच्या जागी करडा चिखल दिसतो. छापलेल्या चित्रात मुळात नसलेले लाटांसारखे पट्टे उमटले असतील, तर दोष बहुधा शाईचा नसून आकार बदलताना झालेल्या रेषांच्या गोंधळाचा असतो. अशा वेळी मूळ स्कॅन पुन्हा मोठ्या रिझोल्यूशनवर मिळवावा. ब्राइटनेस कमी-जास्त करून हा दोष जात नाही. मूळ पान आपल्याकडेच असेल आणि त्याच्या मागचा मजकूर पुढे उमटत असेल, तर स्कॅन करताना पानामागे काळा कागद ठेवावा. मजकूर बराच फिका पडतो.

दुसरी चूक चित्र ‘स्वच्छ’ करण्याची आहे. त्या काळातील साप्ताहिकांची मोठी चित्रे बॉक्सवुड या कठीण लाकडाच्या अनेक लहान ठोकळ्यांवर कोरली जात. ठोकळे बोल्टने जोडलेले असत आणि घाईच्या वेळी वेगवेगळे कारागीर वेगवेगळे तुकडे कोरत. त्यामुळे भिंगातून पाहिल्यास काही चित्रांत आभाळातून सरळ खाली येणारी केसाएवढी पांढरी रेघ दिसते. ती जोडाची खूण आहे. स्टुडिओतील मुलगा ती ओरखडा समजून पुसायला निघाला, तर त्याला थांबवावे. चित्र कसे घडले याचा एवढा थेट पुरावा दुसरा नाही, असे मला मनापासून वाटते. कागदाचा पिवळसरपणाही पार पांढरा करू नये, कारण तसे करताना सर्वांत बारीक रेषा आधी उडतात.

बाजारातील तयार चौकटीत बसवण्यासाठी चित्राच्या कडा कापणे हाही अन्यायच आहे. व्हायाडक्ट आडवा पसरलेला असतो. इंग्लंडमधील रिबलहेडच्या पुलाला २४ कमानी आहेत, तर लिव्हरपूल–मँचेस्टर मार्गावरील सँकीच्या पुलाला ९. कडा कापल्या की कमानी कमी होतात आणि पूल दरीच्या दोन्ही काठांना टेकलेला दिसत नाही, म्हणजे चित्राचा अर्थच जातो. खालची ओळ कापली तर पुलाचे नावही जाते. त्यापेक्षा चित्राच्या मापाची चौकट करून घ्यावी.

चौकट करताना माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची पट्टी, आम्लमुक्त बोर्डाचाच मागावा. साध्या पुठ्ठ्यामुळे काही वर्षांत चित्राभोवती तपकिरी कड उमटते. सेलोटेप, गोंद आणि लॅमिनेशन मूळ पानाला तर कधीच लावू नये. ते गव्हाच्या खळीने आणि जपानी कागदाच्या पट्ट्यांनी केवळ वरच्या बाजूने टांगावे. काच चित्राला टेकता कामा नये, कारण आषाढ-श्रावणात आत दमटपणा साठून कागद काचेला चिकटतो.

ज्या बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते किंवा जिच्यावर एप्रिल-मेचे ऊन थेट पडते, ती भिंत टाळावी. इतर भिंतींवरही चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांमागे रबराच्या चकत्या लावाव्यात, म्हणजे मागे हवा खेळती राहते. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पावणेपाच फुटांवर असावा. सोफ्याच्या वर उंच टांगलेल्या चित्रातील रेषा कोणालाच दिसत नाहीत.

काचेच्या आत धुके किंवा बुरशीचे ठिपके दिसू लागले, तर चौकट ताबडतोब उघडावी, चित्र सावलीत पूर्ण वाळू द्यावे आणि मागचा पुठ्ठा बदलावा. वाळलेली बुरशी घराबाहेर नेऊन मऊ ब्रशने हलकेच झाडावी. ओल्या बुरशीला हात लावू नये, ती कागदात अधिकच पसरते. दिवाळीच्या साफसफाईत काच पुसण्याचे द्रावण काचेवर न फवारता फडक्यावर घ्यावे, कारण काचेवरून ओघळलेला थेंब चौकटीच्या खाचेतून थेट माउंटपर्यंत पोहोचतो.