कन्सोलवर मीडिया सर्व्हर दिसत नाही, तेव्हा

घरच्या संगणकावर किंवा नेटवर्कला जोडलेल्या हार्ड डिस्कवर साठवलेले चित्रपट, गाणी आणि फोटो गेम कन्सोलवरून टीव्हीवर पाहता येतात, आणि ही सोय नीट चालत असते तोवर तिच्यामागे काय चालले आहे याकडे कोणाचे लक्ष जात नाही. एखाद्या दिवशी ती बंद पडली की तक्रार मात्र सगळ्यांची एकाच शब्दांत येते : ‘कनेक्ट होत नाही.’ या तीन शब्दांत तीन वेगवेगळे बिघाड लपलेले असतात. पहिल्यात सर्व्हरचे, म्हणजे फाइली पुरवणाऱ्या त्या संगणकाचे किंवा डिस्कचे, नावच यादीत येत नाही. दुसऱ्यात नाव येते, पण आतले फोल्डर रिकामे असतात. तिसऱ्यात फाइल दिसते, पण चालत नाही किंवा अडकत अडकत चालते. या तिन्हींची कारणे एकमेकांपासून इतकी दूर आहेत की आपला बिघाड यांपैकी कोणता हे ठरवण्याआधी एकाही सेटिंगला हात लावू नये.

त्याही आधी, आपल्या कन्सोलमध्ये ही सोय मुळात आहे का, हे पाहून घ्यावे. घरगुती मीडिया सर्व्हर बहुधा डीएलएनए या मानकानुसार बोलतात. प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० यांना ही भाषा वेगळे ॲप न टाकता येत होती. प्लेस्टेशन ४ साठी २०१५ मध्ये मीडिया प्लेयर हे वेगळे ॲप आले आणि एक्सबॉक्स वनसाठीही तसेच ॲप आहे. प्लेस्टेशन ५ मध्ये मात्र डीएलएनए सर्व्हर शोधणारा अंगभूत प्लेयर नाही, त्यामुळे तिथे प्लेक्ससारखे ॲप टाकून त्याच्याच सर्व्हरला जोडणी करावी लागते. हे माहीत नसलेला माणूस रात्रभर राउटरची सेटिंग्ज उलटसुलट करत बसतो, आणि दोष राउटरचा नसतोच. प्लेस्टेशन ३ असेल तर नेटवर्क सेटिंग्जमध्ये मीडिया सर्व्हर जोडणी बंद तर केलेली नाही ना, एवढे तपासून पुढे जावे.

नावच दिसत नाही

सर्वाधिक वेळ खाणारा बिघाड हाच, आणि तो समजून घ्यायचा तर कन्सोल सर्व्हरला शोधतो कसा हे कळायला हवे. कन्सोलला सर्व्हरचा पत्ता आधी ठाऊक नसतो. तो २३९.२५५.२५५.२५० या सामाईक पत्त्यावर, यूडीपी पोर्ट १९०० वर (पोर्ट म्हणजे यंत्राचे क्रमांक दिलेले दार; यूडीपी आणि टीसीपी हे संदेश पाठवण्याचे दोन प्रकार), नेटवर्कमधल्या सर्वांना एकदम हाक मारतो. ती ऐकून सर्व्हर आपला खरा पत्ता कळवतो, आणि त्यानंतरची फोल्डरची यादी मागणे, फाइल मागणे ही सगळी देवघेव त्या पत्त्यावर थेट, वेब पान उघडावे तशी होते. हाक वेगळी आणि संभाषण वेगळे, हा भेद लक्षात ठेवला तर अर्धे निदान झालेच. संभाषणाचा रस्ता ठणठणीत असताना हाक मधेच हरवू शकते, म्हणूनच ‘फोनवर सर्व्हरचे पान उघडते, पण कन्सोलवर नाव येत नाही’ ही तक्रार विसंगत वाटली तरी तीच सर्वांत बोलकी खूण आहे.

तपासणी अशी करावी. कन्सोलच्या नेटवर्क स्थितीच्या पडद्यावरून त्याचा आयपी पत्ता कागदावर उतरवून घ्यावा आणि सर्व्हरचाही घ्यावा. सर्वसाधारण घरात दोन्हींचे पहिले तीन आकडे जुळले पाहिजेत, म्हणजे एक १९२.१६८.१.२० असेल तर दुसरा १९२.१६८.१.३५ असा काहीतरी. यांपैकी एखादा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्या यंत्राला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही आणि आधी केबल किंवा वाय-फायची जोडणी पाहावी लागेल. एक १९२.१६८.० चा आणि दुसरा १९२.१६८.१ चा निघाला, तर घरात नकळत दोन नेटवर्क झाली आहेत. इंटरनेट कंपनीने बसवलेल्या राउटरला आपण आणखी एक राउटर जोडतो तेव्हा हे हमखास घडते. कन्सोलची हाक राउटर ओलांडून पलीकडे जात नाही, म्हणून अशा वेळी दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकावे, म्हणजे तो स्वतःचे वेगळे नेटवर्क न बनवता फक्त वाय-फाय पुरवतो. सगळी यंत्रे मग एकाच नेटवर्कमध्ये येतात.

पत्ते जुळत असतील तर त्याच वाय-फायवरच्या फोनमध्ये ब्राउझर उघडून सर्व्हरचा पत्ता, पुढे कोलनचे चिन्ह (:) आणि आपल्या सर्व्हर प्रोग्रामचा पोर्ट क्रमांक टाकावा : मिनिडीएलएनएसाठी ८२००, जेलीफिनसाठी ८०९६, प्लेक्ससाठी ३२४०० आणि त्यापुढे तिरकी रेघ देऊन web हा शब्द. पान उघडले नाही, तर बहुधा सर्व्हरचा प्रोग्राम बंद आहे किंवा फायरवॉल (इतर यंत्रांकडून येणाऱ्या जोडण्या अडवणारा प्रोग्राम) आड येत आहे. पान उघडले, तर सर्व्हर शाबूत आहे आणि हाक कुठे अडते एवढेच शोधायचे उरते.

फायरवॉलचा प्रश्न विंडोजवर बहुतेक वेळा एकाच जागी सापडतो. नवे वाय-फाय जोडताना विंडोज त्या नेटवर्कला ‘सार्वजनिक’ समजते आणि इतर यंत्रांच्या हाकांना उत्तर देणे बंद करते. नेटवर्कच्या गुणधर्मांत जाऊन ते ‘खासगी’ केले की बरेचदा काम भागते. अँटिव्हायरसची स्वतःची वेगळी फायरवॉल असेल तर तिथेही हेच करावे. लिनक्सवर मिनिडीएलएनए असेल तर यूडीपी १९०० आणि टीसीपी ८२०० हे दोन पोर्ट उघडावेत, आणि प्लेक्सची डीएलएनए सेवा वापरत असाल तर यूडीपी १९०० आणि टीसीपी ३२४६९. खात्री करण्यासाठी फायरवॉल पाच मिनिटे पूर्ण बंद करून पाहायला हरकत नाही, पण ती तशीच ठेवू नये. हे पोर्ट राउटरवरून बाहेरच्या इंटरनेटला तर अजिबात उघडे करू नयेत, कारण डीएलएनए पासवर्ड विचारत नाही. दार उघडे दिसले की जो येईल त्याला घरातले फोटो दिसतात.

इथेच एक जुना गैरसमज दूर करायला हवा. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘यूपीएनपी’ नावाचे एक बटण असते आणि डीएलएनएही यूपीएनपी या, यंत्रांना एकमेकांशी आपोआप जुळवून देणाऱ्या, पद्धतीवरच उभे आहे, म्हणून ते चालू करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. प्रत्यक्षात ते बटण घरातल्या यंत्रांना राउटरचे बाहेरचे पोर्ट आपोआप उघडू देण्यासाठी आहे. घरातल्या घरात सर्व्हर शोधण्याशी त्याचा संबंध नाही. ते बंद असतानाही सर्व्हर दिसायला हवा.

राउटरमध्ये पाहायचे ते दुसरेच. कन्सोल पाहुण्यांसाठीच्या गेस्ट वाय-फायवर असेल तर तो घरातल्या इतर यंत्रांपासून मुद्दाम तोडलेला असतो. मुख्य वाय-फायवरही ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ चालू असेल तर परिणाम तोच होतो, आणि अशा वेळी बहुधा फोनवर सर्व्हरचे पानही उघडत नाही. याहून फसवा प्रकार ‘आयजीएमपी स्नूपिंग’चा आहे. सामाईक हाक कोणाकोणाला ऐकायची आहे याची नोंद ठेवून ती तेवढ्यांनाच पोहोचवण्याचे काम हे वैशिष्ट्य करते, पण ती नोंद टिकवण्यासाठी नेटवर्कमधल्या कोणीतरी ठरावीक काळाने ‘अजून ऐकताय ना?’ असे विचारावे लागते. विचारणारा कोणीच नसेल तर प्रचलित मूल्यांनुसार २६० सेकंदांनी नोंद पुसली जाते. मग चित्र असे दिसते : सर्व्हर रीस्टार्ट केला की कन्सोलवर नाव लगेच येते, आपण समाधानाने उठतो, आणि चार-पाच मिनिटांनी परत येऊन शोधले तर नाव गायब. नाव असे घड्याळ लावल्यासारखे जात असेल, तर स्विच किंवा राउटरवरचे स्नूपिंग बंद करून पाहावे, किंवा तिथे ‘क्वेरियर’ची, म्हणजे असे विचारत राहणाऱ्याची, सोय असल्यास ती चालू करावी.

वाय-फाय आणि केबल यांच्यामधल्या पुलावरही काही राउटर ही हाक गिळतात. सर्व्हर केबलवर आणि कन्सोल वाय-फायवर असेल तर एकदा लांब केबल जमिनीवरून ओढून कन्सोल थेट राउटरला जोडून पाहावा. दिसायला ओबडधोबड असली तरी ही चाचणी तासाभराच्या तर्कांपेक्षा भरवशाची आहे.

माझ्या स्वतःच्या घरी एकदा यातले काहीच लागू पडेना. पत्ते जुळत होते, फायरवॉल बंद होती, फोनवर पान उघडत होते, आणि कन्सोलवर मात्र काही नाही. शेवटी सर्व्हरची लॉग फाइल वाचली, तेव्हा त्यात १९२.१६८.५६ ने सुरू होणारा एक अनोळखी पत्ता सापडला. काही दिवसांपूर्वी त्या संगणकावर आभासी संगणक चालवणारा प्रोग्राम टाकला होता, त्याने स्वतःचे एक काल्पनिक नेटवर्क कार्ड तयार केले होते, आणि सर्व्हर आपली हजेरी इमानेइतबारे त्या कार्डावर देत होता, जिथे ऐकणारे कोणीच नव्हते. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये खऱ्या कार्डाचे नाव स्पष्ट लिहिल्यावर पुढच्याच शोधात नाव आले. सर्व्हरवर व्हीपीएन चालू असेल तर हाच घोळ होतो. सर्व्हर डॉकरमध्ये (प्रोग्राम बाकी संगणकापासून वेगळा ठेवून चालवणाऱ्या सोयीत), त्याच्या नेहमीच्या ब्रिज नेटवर्कवर चालत असेल तर बाहेरची हाक आत पोहोचतच नाही, म्हणून तिथे होस्ट नेटवर्क निवडावे.

एखादा बदल केल्यावर लगेच निष्कर्ष काढू नये. सर्व्हर स्वतःहूनही अधूनमधून आपली हजेरी जाहीर करतो, पण मिनिडीएलएनएमध्ये हे साधारण १५ मिनिटांनी एकदा घडते. आधी सर्व्हर रीस्टार्ट करावा, मग कन्सोल पूर्ण बंद करून चालू करावा (नुसता झोपवून जागा करू नये) आणि यादी नव्याने शोधायला लावावी. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर नेमके कशाने जमले हे कळत नाही आणि पुढच्या वेळी सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

नाव आहे, आत काही नाही

हा बिघाड नेटवर्कचा नाही, त्यामुळे राउटरला विसरून जावे. मिनिडीएलएनएच्या ८२०० पोर्टवरच्या पानावर गाणी, व्हिडिओ आणि चित्रे यांचे आकडे आणि खाली जोडलेल्या यंत्रांची यादी असते. आकडा शून्य असेल तर सर्व्हरलाच फाइली दिसत नाहीत. त्यामागे बहुधा बाहेरची हार्ड डिस्क माउंट न होणे (संगणकाला वापरण्यासाठी न जोडली जाणे), फोल्डरचा मार्ग बदलणे, किंवा सर्व्हर ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो त्याला वाचण्याची परवानगी नसणे यांपैकी एक कारण असते. लिनक्सवर फाइलची परवानगी पुरेशी नाही. तिच्यापर्यंत जाणाऱ्या प्रत्येक फोल्डरमध्ये शिरण्याचीही परवानगी लागते. आकडा बरोबर असून फक्त नवी फाइल येत नसेल तर लायब्ररी पुन्हा स्कॅन करावी, कारण दुसऱ्या यंत्रावरून जोडलेल्या फोल्डरमध्ये नवे काही आले तर सर्व्हरला त्याची आपोआप चाहूल लागत नाही. विंडोजच्या अंगभूत मीडिया स्ट्रीमिंगमध्ये प्रत्येक यंत्राला परवानगी वेगळी द्यावी लागते, तेव्हा त्या यादीत कन्सोलवर बंदी तर नाही ना, हे पाहावे.

फाइल दिसते, पण चालत नाही

‘फाइल समर्थित नाही’ असा संदेश आला की जोडणी उत्तम आहे असे समजावे. फाइलच्या नावातले एमकेव्ही किंवा एमपी४ हे फक्त डब्याचे नाव असते, आत चित्र आणि आवाज कोणत्या प्रकारे भरला आहे हे वेगळे. प्लेस्टेशन ३ ला एमकेव्ही हा डबाच ओळखता येत नाही, आणि एच.२६४ (चित्र भरण्याचा एक प्रकार) चित्र तो लेव्हल ४.१ पर्यंतच वाचतो. प्लेस्टेशन ४ च्या प्लेयरला एमकेव्ही चालते, पण त्यातला आवाज एमपी३, एएसी किंवा एसी-३ यांपैकी असावा लागतो. चित्र ओळखीचे आणि डबा अनोळखी असेल तर फाइल फक्त नव्या डब्यात भरावी. चित्राला हात लागत नसल्याने हे काही मिनिटांत होते. चित्रच अनोळखी असेल तर ट्रान्सकोडिंगला, म्हणजे चित्र दुसऱ्या प्रकारात बदलण्याला, पर्याय नाही. मिनिडीएलएनए ते करत नाही. युनिव्हर्सल मीडिया सर्व्हर आणि प्लेक्स ते चालू प्रदर्शनातच करतात, मात्र त्यासाठी संगणक दमदार हवा.

चित्र अडकत असेल तर थोडे गणित करावे. दोन तासांचा चित्रपट २० जीबीचा असेल, तर २० ला ८००० ने गुणून ७२०० सेकंदांनी भागले की सुमारे २२ मेगाबिट प्रति सेकंद येतात, आणि हीसुद्धा सरासरीच. धावपळीच्या प्रसंगांत मागणी याहून बरीच वर जाते. प्लेस्टेशन ३ चे वाय-फाय कागदावर ५४ मेगाबिटचे असले तरी प्रत्यक्षात २० च्या आसपासच देते, म्हणजे हा चित्रपट त्यावर अडकणारच. मूळ प्लेस्टेशन ४ लाही २.४ गिगाहर्ट्झचाच पट्टा वापरता येतो. ५ गिगाहर्ट्झ स्लिम आणि प्रोपासून आला. साधी १०० मेगाबिटची केबलसुद्धा अशा फाइलला पुरून उरते.

आणि रात्री व्यवस्थित चाललेला सर्व्हर सकाळी कन्सोलवर दिसत नसेल, तर वरचे काहीही करण्याआधी त्या संगणकाजवळ जाऊन एखादी की दाबून पाहावी. बहुधा तो स्लीपमध्ये गेलेला असतो, आणि झोपलेल्या सर्व्हरला हाक ऐकू येत नाही.