शब्दातून चित्र, चित्रातून शब्द: एआयसोबत एक कलाप्रयोग

एआयला ‘छान चित्र काढ’ म्हटलं की ते काढतंच. त्यात बघण्यासारखं फारसं उरत नाही. शब्द आणि चित्र एकमेकांना कुठे चकवतात ते पाहायचं असेल, तर त्यांना समोरासमोर बसवा. ब्रिटिश कलाकार जेक एल्वेस यांच्या २०१७ च्या ‘क्लोज्ड लूप’मध्ये हेच घडतं: एक एआय मॉडेल चित्राचं वर्णन करतं, दुसरं त्यावरून नवं चित्र काढतं, आणि हे चालूच राहतं. आता हा खेळ कोडिंगशिवाय जमतो.

१. स्वतः काढलेला फोटो घ्या. वस्तू मोजक्याच हव्यात. समजा, भिंतीवर घड्याळ, खाली खुर्ची, तिच्यावर ओला टॉवेल.

२. एआयला सांगा, “दिसतं तेवढंच दोन वाक्यांत लिही.” ही अट घातली नाही तर ‘शांत, प्रसन्न वातावरण’ येतं आणि पुढची सगळी चित्रं त्या गोडव्यात बुडतात.

३. ते वर्णन नव्या चॅटमध्ये जसंच्या तसं टाकून चित्र मागा. जुन्या चॅटमध्ये मूळ फोटो त्याच्यासमोर असतोच. वाक्य खटकलं तरी हात आवरा.

४. आलेल्या चित्राचं पुन्हा वर्णन, पुन्हा चित्र. आठ-दहा फेऱ्या करा, फाइलींना क्रमांक द्या.

आता निवांत बघत बसा. खरं काम हेच. तुमच्या घड्याळात सहा पंचवीस झाले होते, पण वर्णनात वेळ आली नसेल तर चित्रात बहुतेकदा दहा वाजून दहा मिनिटं दिसतील. घड्याळांच्या जाहिरातींत काटे तसेच ठेवतात आणि मॉडेलं अशा फोटोंवर शिकलेली असतात. चित्र आणि मजकूर यांची जुळणी करणारं २०२१ चं ‘क्लिप’ हे मॉडेल नेटवरच्या ४० कोटी चित्र-मजकूर जोड्यांवर शिकवलं होतं. फोटोखाली लोक ‘घड्याळ’ लिहितात, किती वाजलेत ते क्वचितच. मग शब्दाची आणि काट्यांची गाठ पडणार कशी? टॉवेलही बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत वाळतो.

मग मध्येच आडवे या. तिसऱ्या वर्णनात फक्त ‘ओला’ हा शब्द घाला आणि तिथून दुसरी रांग चालवा. माझ्या मते कलाकृती इथे सुरू होते, कारण कुठे अडवायचं हे तुम्ही ठरवता.

प्रदर्शन मांडताना दोन्ही रांगा शेजारी लावा, प्रत्येक चित्राखाली त्याचं वर्णन द्या. मॉडेलचं नाव, आवृत्ती आणि तारीखही लिहा. आवृत्ती बदलली की त्याच वाक्यावरून वेगळंच चित्र निघतं.