अशनीत ‘जीवनाचं बीज’ सापडलं? आधी बोटं तपासा

एक प्रयोग करून बघा. सामान थोडंच लागतं: दोन फिल्टर पेपर, निनहायड्रिन या रसायनाचं अ‍ॅसिटोनमधलं पातळ द्रावण, कपड्यांची इस्त्री आणि तुमचा अंगठा. अशनी, म्हणजे आकाशातून पडलेला दगड, लागत नाही.

एक फिल्टर पेपर चिमट्याने उचलून बाजूला ठेवा. हा कोरा. दुसऱ्यावर अंगठा पाच-सात सेकंद दाबून धरा. नुकतेच हात धुतले असतील तर अर्धा तास थांबा, घाम यायला हवा. आता हातमोजे घालून दोन्ही कागदांवर द्रावणाचा हलका फवारा मारा आणि खिडकीत वाळू द्या. अ‍ॅसिटोन पटकन पेट घेतं, म्हणून कागद खडखडीत वाळेपर्यंत इस्त्री जवळ आणायची नाही. मोज्यांचा कंटाळा केलात तर चार दिवस जांभळी बोटं घेऊन फिराल. वाळल्यावर वरून साधा कागद ठेवून बेताची तापलेली इस्त्री फिरवा. थोड्या वेळात अंगठ्याचा ठसा जांभळा उमटतो, कोरा पांढराच राहतो.

हा जांभळा रंग तुमच्या घामातल्या अमिनो आम्लांचा. प्रथिनं ज्यांची बनतात ते हे रेणू, आणि बातम्यांतलं ‘जीवनाचं बीज’ म्हणजे बहुधा हेच.

मी ३१ वर्षं ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली. एका वर्षी क्रोमॅटोग्राफीच्या, म्हणजे मिश्रणातले घटक कागदावर वेगळे करण्याच्या, तासाला प्रत्येकाच्या कागदावर, जिथे काहीच लावलं नव्हतं तिथेही, जांभळे डाग आले. मुलांना झापून झालं, बाटल्या बदलून झाल्या. शेवटी आठवलं, सकाळी घाईत कागदाच्या पट्ट्या मीच उघड्या हातांनी कापल्या होत्या. तेव्हापासून ‘अशनीत जीवनाचं बीज सापडलं’ अशी बातमी कुणी पाठवली की मी आधी एकच विचारते: कोरा कागद कुठाय?

हा खवचटपणा नाही. १९६० च्या दशकात अशनींमधल्या अमिनो आम्लांचे दावे होऊ लागले तेव्हा जीवरसायनशास्त्रज्ञ जोन ओरो आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६५ साली माणसाच्या बोटांवरचीच अमिनो आम्लं मोजली. दगडात सापडल्याचं सांगितलं जाणारं मिश्रण बऱ्याचदा बोटांवरच्या मिश्रणासारखं दिसत होतं. त्या मिश्रणात सेरीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. म्हणून बातमीच्या मागचा मूळ लेख उघडता आला तर पहिल्यांदा तक्त्यात सेरीन शोधा. तेच सगळ्यात वर बसलं असेल तर आधी संशय हातावर घ्यायचा.

दुसरी नजर टाकायची ती अनोळखी नावांवर. २८ सप्टेंबर १९६९ ला, रविवारी सकाळी, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात मर्चिसन गावाजवळ अशनी फुटून पडली. सगळे मिळून सुमारे १०० किलो तुकडे गोळा झाले. दगड काळा, कार्बनयुक्त कॉन्ड्राइट नावाच्या जातीचा, आणि उचलणाऱ्यांना स्पिरिटसारखा वास आला. योगायोग असा की अपोलोने आणलेल्या चांद्रदगडांसाठी स्वच्छ प्रयोगशाळा त्याच वर्षी सज्ज झाल्या होत्या. नासाच्या एम्स केंद्रातल्या कीथ क्वेनवोल्डन यांच्या गटाने १९७० मध्ये निष्कर्ष छापले. ग्लायसीन, अ‍ॅलनीन वगैरे नेहमीची मंडळी होतीच, पण सोबत आपल्या प्रथिनांत न येणारी अमिनो आम्लंही होती. पुढे त्या दगडातली यादी सत्तरच्या पुढे गेली. बोटांवरून असली यादी दगडात जाऊ शकत नाही. आयसोव्हॅलीनचंच घ्या, सजीवांत ते अगदी क्वचित आढळतं.

तिसरी तपासणी डाव्या-उजव्याची. इथे घाई करू नका, सगळी गंमत इथेच आहे. बहुतेक अमिनो आम्लं दोन रूपांत असतात, चपलेच्या जोडासारखी. सजीवांची प्रथिनं जवळजवळ फक्त डावी रूपं वापरतात (ग्लायसीनला डावं-उजवं नसतंच). जीवसृष्टीशिवाय, नुसत्या रसायनांतून झालेल्या मिश्रणात दोन्ही सारखी हवीत. मर्चिसनमध्ये अ‍ॅलनीन वगैरेंची दोन्ही रूपं जवळजवळ सारखी निघाली, म्हणून ती पृथ्वीवरून आत शिरलेली नाहीत असं धरता आलं. कुणी उलट ‘डावी जास्त सापडली, म्हणजे बघा, जीवनच!’ म्हणालं तर हुरळून जाऊ नका. डावी जास्त म्हणजे उचलणाऱ्याच्या हाताचा घामही असू शकतो.

या पेचातून वाट कशी काढायची ते १९९७ मध्ये रसायनशास्त्रज्ञ जॉन क्रोनिन आणि सँड्रा पिझ्झरेलो यांनी दाखवलं. त्यांनी मुद्दाम आयसोव्हॅलीनसारखी, सजीवांत जवळपास नसलेली आम्लंच निवडली. त्यांतही डाव्याचं पारडं काही टक्क्यांनी जड निघालं. आता घामाला दोष देता येईना! मला त्या यादीच्या लांबीपेक्षा ही निवड जास्त आवडते. पण म्हणून सजीवांच्या डावखुरेपणाचं कोडं सुटलं असं समजू नका. बेनू लघुग्रहावरून ओसिरिस-रेक्स यानाने २४ सप्टेंबर २०२३ ला १२१.६ ग्रॅम माल थेट पृथ्वीवर आणून दिला, हवेचा स्पर्श टाळून. जानेवारी २०२५ मधल्या निष्कर्षांत प्रथिनांच्या २० अमिनो आम्लांपैकी १४ आणि डीएनए-आरएनएचे पाचही बेस होते, पण डावी-उजवी जवळजवळ समसमान.

चौथी खूण समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंची. अशनीतल्या या रेणूंत कार्बन-१३ सारख्या जड अणूंचं प्रमाण पृथ्वीवरच्या सजीवांपेक्षा बरंच जास्त असतं. बातमीत याचा शब्दही नसेल तर मूळ लेखात बघा.

एवढं सगळं पास झालं तरी शब्द जपून वापरायचे. ‘सेंद्रिय’ म्हणजे सेंद्रिय गूळ नव्हे, कार्बनी रेणू एवढाच अर्थ. माझे वडील छापखान्यात कंपोझिटर होते. अक्षरांच्या खिळ्यांची पेटी मिळाली म्हणून पुस्तक मिळालं असं ते कधी म्हणाले नसते. अशनींनी कोवळ्या पृथ्वीवर खिळे आणून टाकले, एवढं म्हणायला आता चांगला आधार आहे. ते जुळवले कुणी, कसे, हे दगडात लिहिलेलं नाही. आणि कधी कधी दगडात भलतंच लिहून ठेवलेलं असतं: फ्रान्समध्ये १८६४ ला पडलेल्या ऑर्गेय अशनीच्या एका तुकड्यात बिया निघाल्या. शंभर वर्षांनी नीट पाहिलं तेव्हा कळलं की कुणीतरी त्या कोळशासह गोंदाने चिकटवल्या होत्या.

आता घराजवळ खरंच काही पडलं तर. दरवर्षी कुणीतरी मला लोणारहून आणलेला काळा दगड दाखवतं आणि तो बहुधा बसाल्टच असतो. पण ६ जून २०१७ ला जयपूरजवळ मुकुंदपुऱ्यात पडलेली अशनी मर्चिसनच्याच जातीची होती, तेव्हा नाहीच म्हणू नये. दगडाला हात लावायचा नाही. धुवायचा नाही, कारण पाण्याने विरघळणारं सगळं जातं. ‘चिकटतं का बघू’ म्हणून चुंबक तर लावूच नका, आतल्या जुन्या चुंबकत्वाची नोंद पुसली जाते. कॅनडात २००० साली टॅगिश लेकच्या गोठलेल्या तळ्यावरचे तुकडे तिथले रहिवासी जिम ब्रूक यांनी हात न लावता पिशव्यांत भरले आणि गोठवूनच ठेवले. ते आजही अशनीविज्ञानात सोन्यासारखे जपतात.

तुम्ही नवीन अ‍ॅल्युमिनियम फॉइल घ्या, हातमोजे घाला, फॉइलनेच दगड उचलून त्यात गुंडाळा आणि पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. पाऊस येणार असेल तर वाट बघू नका. उचलण्याआधी शेजारी नाणं ठेवून फोटो काढा. चिठ्ठीवर तारीख, वेळ आणि उचलणाऱ्याचं नाव लिहा, मग तहसील कार्यालयामार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. देशात पडलेल्या अशनींचा संग्रह त्यांच्याकडे कोलकात्यात आहे.

आणि दगड उचलला तिथूनच हातभर अंतरावरची माती, स्वच्छ चमच्याने, वेगळ्या फॉइलमध्ये घ्या. तिच्यावर ‘कोरा’ असं लिहा.