बाँडपटांचा क्रम लावायचाय? आधी पंखा बंद करा

जेम्स बाँडचे पिक्चर आवडीच्या क्रमानं लावायचे म्हटलं की लोक पहिला नंबर कुणाचा इथूनच सुरू करतात आणि तिथंच अडकून बसतात. आधी माल मोजा. १९६२ च्या ‘डॉ. नो’पासून २०२१ च्या ‘नो टाइम टू डाय’पर्यंत ईऑन कंपनीचे पिक्चर २५. १९६७ चा विनोदी ‘कसिनो रोयाल’ आणि १९८३ चा ‘नेव्हर से नेव्हर अगेन’ बाहेरच्यांनी काढलेले, ते घ्यायचे नाहीत. दुसऱ्यात शॉन कॉनरी असला तरी नाही. आमचे मेहुणे यावर दर वेळी भांडतात. भांडू दे.

मग जुन्या चलनबुकाच्या पाठकोऱ्या कागदाच्या २५ चिठ्ठ्या करा. चिठ्ठीवर नाव आणि साल, बस. हिरोचं नाव मुद्दाम लिहायचं नाही. लिहिलं की कॉनरीच्या चिठ्ठ्या हात आपसूक वर सरकवतो आणि बिचाऱ्या टिमोथी डाल्टनच्या दोन्ही खाली जातात. चिठ्ठ्या कॉटवर पसरल्या की पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर ‘थंडरबॉल’ कपाटाखाली जातो. म्हणून सोलापुरात हे काम एप्रिल-मे मध्ये काढू नये. जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरते, हुरडा सुरू असतो, त्या दिवसांत निवांत बसावं.

पहिली चाळणी सोपी. दुपारी जेवून आडवे झालात आणि टीव्हीवर हा पिक्चर मधूनच लागला, तर काय कराल? रिमोट बाजूला ठेवाल, एखादा सीन बघून चॅनल बदलाल, की लगेच बदलाल? तीन ढीग करा. विचार करत बसू नका.

खरं काम पुढं आहे. माझा धंदा टॉवेलचा, पूर्व भागात गोडाऊन आहे. गिऱ्हाइकापुढं दहा टॉवेल टाकले तर सगळेच चांगले म्हणतो. दोन हातांत दोन दिले की लगेच सांगतो, हा. पिक्चरचंही तसंच करा. एका ढिगातला एक ठेवा, दुसरा उचला, वर की खाली ते ठरवा. ओळ लांबली की नवी चिठ्ठी आधी मधल्या चिठ्ठीशी ताडून बघा, मग उरलेल्या अर्ध्याच्या मधल्याशी. अशानं पंचविसावी चिठ्ठीसुद्धा फार तर पाच तुलनांत जागेवर बसते.

दोन पिक्चर अगदी तुल्यबळ वाटले तर मी व्हिलनचा धंदा बघतो. ‘गोल्डफिंगर’मधला (१९६४) गडी फोर्ट नॉक्समधलं सोनं चोरत नाही. अणुबाँबनं ते किरणोत्सारी करून निकामी करायचं, म्हणजे स्वतःजवळच्या सोन्याचा भाव आपोआप वाढेल, असा त्याचा हिशेब. दुसऱ्याचा माल बाद झाला की आपला वधारतो, हे व्यापाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. १९८५ च्या ‘अ व्ह्यू टू अ किल’मधला झोरिन हेच करायला निघतो: सिलिकॉन व्हॅली बुडवायची आणि मायक्रोचिपचा बाजार आपल्या मुठीत घ्यायचा. डोकं तेच, पण रॉजर मूर तेव्हा ५७ वर्षांचा आणि धावताना ते दिसतं. गोल्डफिंगर वर.

याच कसोटीवर ‘क्वांटम ऑफ सोलेस’ (२००८) माझ्याकडं खालच्या ढिगातून मधल्या ढिगात आला. जगभर लोकांनी नाकं मुरडली, व्हिलन काय तर बोलिव्हियात पाणी अडवतो म्हणे. अहो, नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात राहून बघा! घागरी, पिंप, टाकी भरून ठेवणाऱ्या माणसाला जमिनीखाली पाणी साठवून सरकारला चढ्या दरानं विकणारा ग्रीन हा अणुबाँबवाल्यांपेक्षा जास्त खरा वाटतो. मारामाऱ्यांत कोण कुणाला मारतंय ते कळत नाही, हे मान्य. पण क्रम तुमचा आहे, तुमच्या घरातून दिसतो तसाच लावा.

याच्या उलटा मोह ‘ऑक्टोपसी’चा (१९८३). उदयपूर, रिक्षांचा पाठलाग, टेनिस रॅकेटनं गुंडांना हाणणारा विजय अमृतराज. आणि कबीर बेदी! जुगाराचे फासे मुठीत दाबून त्यांचा भुगा करतो, चेहऱ्यावरची रेष हलत नाही. ‘आपला माणूस’ म्हणून हा पिक्चर पाचात घालायचा मोह होतो. घालू नका. भारतातला भाग झाकून उरलेल्याकडं बघा. विदूषकाच्या वेषात बाँड बाँब निकामी करायला धडपडतो, तो सीन खरोखर चांगला आहे, आणि तेवढ्यावर अकरावा नंबर पुरे.

पूर्वार्ध एक आणि उत्तरार्ध भलताच असेल तर इंटरव्हलनंतरचा भाग धरावा, कारण तोच डोक्यात घेऊन आपण घरी येतो. ‘डाय अनदर डे’ची (२००२) सुरुवात जोरदार आहे, बाँड चक्क उत्तर कोरियाच्या कैदेत पडतो. पुढं अदृश्य गाडी येते, कॉम्प्युटरनं काढलेल्या लाटेवर तो सर्फिंग करतो. पंचविसावा.

एक हिंदी डबिंगमध्ये आणि दुसरा इंग्रजीत बघितला असेल तर त्यांची तुलना करू नका, दोन्ही एकाच भाषेत परत बघा. ‘स्पेक्टर’ (२०१५) आपल्या थिएटरात आला तेव्हा सेन्सॉरनं चुंबनं कापून लहान केली होती. त्यानं क्रमात फरक पडत नाही. त्या पिक्चरचं दुखणं वेगळंच आहे: व्हिलन ब्लोफेल्ड बाँडबरोबर लहानपणी एका घरात वाढलेला निघतो. हे आपल्याकडं कधीच करून झालंय.

माझा पहिला ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ (१९६३), दुसरा डॅनियल क्रेगचा ‘कसिनो रोयाल’ (२००६). पहिल्यात रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये साहेबाचं सोंग घेतलेला मारेकरी ग्रँट माशाबरोबर रेड वाइन मागवतो आणि बाँडला ते खटकतं, कारण माशाबरोबर व्हाइट वाइन घ्यायची तिकडची रीत. आपण शेंगाचटणी-भाकरीवाले, आपल्याला सात जन्मात संशय आला नसता. मग त्या अरुंद डब्यातली मारामारी, संगीताशिवाय, नुसते धक्के आणि श्वास. भाच्याचा पहिला ‘स्कायफॉल’. त्याला म्हटलं, ‘का बे, ती रेल्वेतली मारामारी बघितलास का नाही?’ तर म्हणतो, ‘मामा, ते लई जुनं आहे की.’ दोघांच्या याद्यांची सरासरी काढायला जाऊ नका. कुणालाच फारसे न आवडणारे पिक्चर मधेच वर चढून बसतात. दोन याद्या वेगळ्या ठेवा आणि दोन्हींवर तारीख टाका. पुढचा बाँडपट डेनी व्हिलनव दिग्दर्शित करणार आहे. त्याची चिठ्ठी थिएटरातून आल्या रात्री लावू नका, टीव्हीवर एकदा मधूनच लागू दे.