ड्रोनने बेसमेंटच्या खोदाईची मोजणी: बिल पास होईल असा आकडा कसा काढावा

व्यावसायिक इमारतीच्या साइटवर ड्रोन उडवून सुंदर फोटो सगळेच काढतात. खरा उपयोग कळतो तो खोदाईचं बिल आल्यावर. सबकॉन्ट्रॅक्टर डंपरच्या फेऱ्या मोजून ब्रास (१०० घनफूट) सांगतो, तुमचा इंजिनिअर लेव्हलवरून (उंची मोजायच्या यंत्रावरून) वेगळंच सांगतो, आणि मध्ये ड्रोनचा तिसरा आकडा. तो तिसरा आकडा दोघांनीही मान्य करावा अशी इच्छा असेल, तर पुढचं वाचा.

परवानगी. सरकारच्या डिजिटल स्काय ह्या ड्रोन नकाशावर साइट कुठल्या झोनमध्ये आहे ते बघा. ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. पुण्यात खराडी, विमाननगरसारखी लोहगाव विमानतळालगतची साइट असेल, तर आधी परवानगी, मगच उड्डाण. ड्रोनची नोंदणी आणि पायलटचं प्रमाणपत्र आहे असं धरून चालतो.

पहिलं उड्डाण पोकलेन यायच्या आधी. झाडोरा काढल्यावर, पण मातीला हात लागण्यापूर्वी. ही मूळ जमिनीची पातळी एकदा गेली की गेली. नंतर आजूबाजूच्या प्लॉटवरून अंदाज बांधणं म्हणजे भांडणाला आमंत्रण.

कंट्रोल पॉइंट, म्हणजे जागा आणि उंची मोजून ठेवलेल्या जमिनीवरच्या खुणा. सगळी लढाई इथेच जिंकली किंवा हरली जाते. माझाही सर्वात जास्त वेळ ह्यातच गेलाय.

विक्रेता सांगतो, “आरटीके ड्रोन आहे, जमिनीवर खुणा करायची गरजच नाही.” हे ऐकू नका. आरटीकेने, म्हणजे जमिनीवरच्या बेस स्टेशनवरून उपग्रहाचं मोजमाप दुरुस्त करत, फोटोंची एकमेकांतली जागा छान बसते, पण बेस स्टेशन चुकीच्या बिंदूवर उभं असेल तर अख्खं मॉडेल तेवढंच वर किंवा खाली सरकतं, आणि स्क्रीनवर काहीच वावगं दिसत नाही. एक एकरावर फक्त ५ सेंटिमीटरचा फरक म्हणजे सुमारे २०० घनमीटर, म्हणजे ७० ब्रासच्या वर. एवढ्या ब्रासचे पैसे कोणाच्या खिशातून जाणार, ते आधी ठरवून घ्या.

दुसरा घोटाळा उंचीचा. उपग्रहावरून येणारी उंची समुद्रसपाटीपासूनची नसते. पुण्याच्या भागात ती साठेक मीटरने कमी दिसते. शिवाय साइटचा टीबीएम (उंची मोजायला पक्का धरलेला बिंदू) बहुतेक वेळा १००.००० असा मानलेला असतो, म्हणजे ड्रॉइंगमधली राफ्टची (पायाच्या स्लॅबची) पातळी आणि ड्रोनची पातळी ह्यांची ओळखच नाही. इंटरनेटवर ह्यासाठी जिऑइड मॉडेल (उपग्रहाची उंची समुद्रसपाटीवर आणणारं) उतरवून घ्यायचा सल्ला मिळतो. दोन-चार एकरांच्या साइटला त्याची गरज नाही. सगळ्या कंट्रोल पॉइंटच्या उंच्या साइटच्या टीबीएमवरूनच द्या आणि काम संपेपर्यंत तोच टीबीएम ठेवा. खरा धोका एका महिन्यात एक पद्धत आणि पुढच्या महिन्यात दुसरी वापरण्यात आहे.

उंची ऑटो लेव्हलनेच घ्या, आणि लेव्हलिंग परत टीबीएमवर आणून ताळा जुळवा. रोव्हरने (काठीवरच्या उपग्रह-यंत्राने) घेतलेल्या उंचीत दोन-तीन सेंटिमीटर सहज इकडेतिकडे होतात. आडव्या जागेसाठी टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) किंवा रोव्हर, काहीही चालेल.

खुणा चुन्याने मारू नका. कडा फिसकटते, एका सरीत वाहून जाते, आणि केंद्र नक्की कुठे ह्यावर दोन माणसांत दोन मतं होतात. दोन फुटी प्लायवर काळे-पांढरे चौकोन रंगवा. खुणा नुसत्या कडेने लावल्या तर खड्ड्याचा तळ मॉडेलमध्ये वर किंवा खाली फुगतो; म्हणून काही वर काठावर, काही तळात आणि जमलंच तर रॅम्पवर एखादी. पाच-सहा खुणा सॉफ्टवेअरला द्या, वेगळ्या तीन अजिबात देऊ नका. त्या तीन तपासणीसाठी. रिपोर्टमध्ये कंट्रोल पॉइंटची चूक ८ मिलिमीटर दिसली म्हणून पेढे वाटणारे मी पाहिलेत. सॉफ्टवेअरने मॉडेल त्याच बिंदूंना वाकवून बसवलंय, तिथे चूक कमीच दिसणार! तपासणीच्या बिंदूंवर उभी चूक ३ सेंटिमीटरच्या आत आली तरच पुढे जा. ५ आली तर परत उडवा, मालक कितीही घाई करो.

आणि खुणांचं मोजमाप उड्डाणाच्याच दिवशी. तळातली प्लाय दुपारपर्यंत कोणीतरी बसायला नेतोच.

उड्डाण. उंची ६० मीटर, पुढचा ओव्हरलॅप (एक फोटो दुसऱ्यावर चढणं) ८० टक्के, बाजूचा ७०. भर दुपारी उडवा, म्हणजे खड्ड्यात सावली कमी. एक फेरी कॅमेरा तिरका करून. पावसाळ्यात आधी पंप लावून पाणी काढा. साचलेल्या पाण्याचा पृष्ठभाग सॉफ्टवेअर वाट्टेल तसा बनवतं.

प्रोसेसिंग, म्हणजे फोटोंवरून मॉडेल बनवणं. मेटाशेप, पिक्सफोरडी, वेबओडीएम, कुठलंही घ्या. रात्री लावून झोपा. सकाळी पोकलेन, डंपर, लोखंडाचे ढीग हाताने काढून टाका, नाहीतर तेही जमिनीत धरले जातात.

घनफळ. मूळ पृष्ठभाग वजा आजचा पृष्ठभाग, एवढंच. सॉफ्टवेअरचं ढीग मोजायचं बटण इथे चालत नाही. ते काठाचे बिंदू जोडून सपाट तळ धरतं. हद्द दर वेळी तीच, ड्रॉइंगवरून घेतलेली.

आता डंपरच्या फेऱ्यांशी ताळा. मुरूम खणला की फुगतो, साधारण चौथ्या हिश्श्याच्या आसपास. फोडलेला कातळ त्याहून बराच जास्त. ड्रोन जागेवरचं, न फुगलेलं घनफळ देतो, डंपर फुगलेलं वाहतो. करारात कोणतं लिहिलंय ते बघूनच बोला.

बिलाला नुसता रंगीत नकाशा जोडू नका. लेव्हल बुकाचं पान, तपासणीच्या तीन बिंदूंचा तक्ता, आणि दर १० मीटरला काढलेले छेद (खड्ड्याचे उभे काप) जोडा. छेदावर सबकॉन्ट्रॅक्टरची सही त्याच दिवशी साइटवरच घ्या. पुढच्या आठवड्यात खड्डा आणखी खोल झालेला असतो आणि मग कोण काय खोदून गेलं हे सांगता येत नाही.