स्वतःचं बोलणं तपासताय? मग या चुका टाळा

गेल्या उन्हाळ्यात सोसायटीच्या ग्रुपवर मी मेसेज टाकला : ‘उद्या सकाळी टाकी धुणार आहोत, पाणी भरून ठेवा.’ सेक्रेटरीचं कर्तव्य बजावलं आणि झोपलो. मेसेज गेला तेव्हा रात्रीचे बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. निम्म्या घरांनी मेसेजवरची तारीख पाहून ‘उद्या’ एक दिवस पुढे धरला. सकाळी अंगाला साबण लावलेली माणसं माझ्या नावाने ओरडत होती आणि मी म्हणत होतो, ‘लोक नीट वाचतच नाहीत!’

शाळेत वक्तृत्वाच्या चार ढाली मिळवलेला माणूस मी. आपलं काही चुकलं असेल अशी शंकासुद्धा मनाला शिवली नाही. नंतर शिवली, वही घेऊन स्वतःची झडती घ्यायला बसलो, तर तीही चुकीच्या पद्धतीने.

ढालीवरून मोजमाप

वक्तृत्व स्पर्धेत गुण असतात ते मांडणी, पाठांतर, आवाज आणि हावभाव यांना. ऐकणाऱ्याने नंतर काय केलं, याला रकानाच नसतो. तो टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. घरात, ऑफिसात, सोसायटीत मात्र तोच एक रकाना कामाचा. पाणी भरलं गेलं का? मुलाने पुढच्या वेळी आपणहून येऊन सांगितलं का? ‘माझा आवाज भारदस्त आहे’ हे जमेच्या बाजूला लिहिलं होतं, ते मी खोडलं. भारदस्त आवाजात सांगितलेलं ‘उद्या’सुद्धा मोघमच असतं.

विशेषणांची यादी

वहीत पुढे होतं : स्पष्टवक्ता, मनमिळाऊ, थोडा तापट. हे लग्नाच्या बायोडाटाला ठीक. पण माझा स्पष्टवक्तेपणा तपासला, तर तो वॉचमनशी बोलताना असतो, चेअरमनसमोर ‘बघू, करू’वर येतो. म्हणजे तो गुण नव्हताच, समोरचा उलट बोलणार नाही याची खात्री होती.

म्हणून विशेषणं सोडा, प्रसंग लिहा. कोणाशी बोललात, कशावरून, तोंडातून निघालेलं नेमकं वाक्य काय आणि पुढे काय झालं. त्याच संध्याकाळी लिहा, नाहीतर दोन दिवसांत आपलं वाक्य आठवणीत फार सभ्य होऊन बसतं. दहा-बारा प्रसंग झाले की खोड आपोआप दिसते. माझ्या सापडल्या त्या अशा : लेखी सूचनेत तारीख-वार गाळतो, मोठ्यांना ‘नाही’ म्हणता येत नाही. आणि एक जमेची बाजूही निघाली, जी मी यादीत घातलीच नव्हती. चिडून आलेल्या माणसाचं मी पूर्ण ऐकून घेतो.

डोक्यातली चाल

१९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने पीएच.डी.साठी एक साधा प्रयोग केला. काही जणांना ओळखीच्या गाण्यांची चाल टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितली, बाकीच्यांनी गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता, निम्मी तरी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली फक्त ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. घरी एखादी आरती वाजवून बघा, पैज लावा. टाळ्यांशिवाय, शब्दांशिवाय ती किती जणांना कळते ते दिसेल.

माझ्या डोक्यात ‘उद्या’ म्हणजे झोपून उठल्यावरची सकाळ होती. ग्रुपवर नुसती टकटक पोचली.

यावर आपण सगळे जो उपाय करतो, तो बिनकामाचा आहे. ‘समजलं ना?’ याला कोणीही ‘हो’च म्हणतो. ‘नाही’ म्हणणं म्हणजे स्वतःला मठ्ठ ठरवणं. विमानतळाचा नियंत्रक वैमानिकाला उंची किंवा धावपट्टी सांगतो, तेव्हा वैमानिकाला ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवावी लागते. नुसत्या होकारावर तिथे भागत नाही. आपणही विचारू शकतो : ‘मी नीट सांगितलं का बघतो, आता तुम्ही काय करणार ते सांगा.’ परीक्षा आपली आहे, हे वाक्यातच आलं पाहिजे, नाहीतर ती उलटतपासणी वाटते.

रेकॉर्डिंग ऐकून हिरमुसणं

स्वतःचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये परका वाटतो, कारण एरवी तो आपल्याला हवेतून येतो तसा कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो आणि म्हणून जास्त घुमदार वाटतो. ती उणीव नाही, सोडून द्या. मोजायचंच असेल तर हे मोजा : प्रश्न विचारल्यावर समोरच्याला किती सेकंद दिलेत, कोणाला मध्येच तोडलंत, किती वेळा ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ आलं. अर्थात, रेकॉर्ड करतोय हे आधी सांगून.

असाच तो ‘९३ टक्के संवाद शब्दांविना’ हा प्रशिक्षण शिबिरांतला आवडता आकडा. तो ज्यांच्या नावावर सांगतात त्या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ मधले प्रयोग होते ते भावना आणि आवडनिवड यांच्याबद्दल, शब्द एक सांगतात आणि सूर दुसरंच, अशा वेळचे. टाकी धुण्याच्या सूचनेला तो आकडा लावून हातवारे सुधारत बसू नका.

‘मी कसा बोलतो?’ असं विचारणं

उत्तर ठरलेलं : ‘छान की!’ जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये मांडलेल्या ‘जोहारी खिडकी’ला, म्हणजे स्वतःला ओळखण्याच्या आराखड्याला, चार तावदानं आहेत. (नावावरून जवाहिऱ्याशी संबंध वाटतो, पण ते जो आणि हॅरी यांचं मिळून झालं आहे.) त्यातल्या एका तावदानातलं इतरांना दिसतं, फक्त आपल्याला दिसत नाही. ते पाहायचं तर प्रश्न बारीक हवा : ‘कालच्या मीटिंगमध्ये माझं कुठलं बोलणं खटकलं?’ आणि विचारायचं ते ज्याचं आपल्यावाचून अडत नाही अशा माणसाला.

मी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘मेसेज आता बरे असतात हो, तारीख-वार सगळं असतं. पण मीटिंगमध्ये प्रश्न तुम्हीच विचारता आणि उत्तरही तुम्हीच देऊन मोकळे होता.’

खरं तर असं काही नाही, मी फक्त वेळ वाचवत होतो. हे मी त्यांना जिन्यातच पाच मिनिटं समजावून सांगितलं.