आर्डुइनोवर चिपट्यून करताय? आधी जवारी काढा

चिपट्यून म्हणजे जुन्या व्हिडिओ गेमसारखं चिपनं वाजवलेलं संगीत. आर्डुइनो ऊनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डवर टोन फंक्शन टाकून गाणं वाजवायला कुणालाही जमतं, पिन ८, फ्रिक्वेन्सी, झालं. पण लहानपणी कॅसेटच्या व्हिडिओ गेममधनं यायचा तसा आवाज काय येत नाही राव. का, तर टोन कायम ५० टक्के ड्यूटीच देतो, म्हणजे पिन अर्धा वेळ चालू, अर्धा वेळ बंद. १९८३ च्या फॅमिकॉम या निन्टेंडोच्या गेम मशीनमध्ये असा चालू-बंद आवाज काढणारे दोन पल्स चॅनेल होते आणि त्यांना १२.५, २५, ५०, ७५ टक्के अशा चार ड्यूटी, सगळी मजा तिथंच.

आमच्या मिरजेत तंबोरे करणारे नुसता सूर जुळवून थांबत नाहीत, घोडी घासतात, तारेखाली दोरा सरकवत बसतात, सूर तोच राहतो पण आवाज खुलतो, त्याला जवारी म्हणतात. ड्यूटी म्हणजे आपल्या चिपची जवारी.

जोडणी सोपी आहे. बझर पॅसिव्हच घ्या, नुसतं बझर मागितलं तर ॲक्टिव्ह गळ्यात पडतो, त्याला ५ व्होल्ट दिले की स्वतःच टींऽऽ करून बोंबलतो, तो नको. पॅसिव्ह तेवढ्यावर फक्त टक् करतो, सूर आपण द्यायचा. एक पाय पिन ८ ला, दुसरा ग्राउंडला. जुन्या रेडिओचा ८ ओहमचा स्पीकर लावणार असाल तर मधे २२० ओहमचा रेझिस्टर टाकाच, पिनची कमाल मर्यादा ४० मिलीॲम्पिअर आणि स्पीकर थेट लावला तर तो त्याच्या कितीतरी पट ओढायला बघतो. मी आळस केला, पिन गेली ती गेलीच.

आता पेटीतली काळी एक धरा, २७७ हर्ट्झ. दहा लाखाला २७७ नं भागलं की एक फेरा साधारण ३६१० मायक्रोसेकंदांचा. टोन काढून टाका, लूपमध्ये पिन हाय म्हणजे चालू करा, डिलेमायक्रोसेकंड्सनं ९०२ थांबा, लो म्हणजे बंद करा, उरलेले २७०८ थांबा. ही २५ टक्के. मग ४५१ आणि ३१५९ करून बघा, म्हणजे १२.५ टक्के, आवाज एकदम नाकातला होतो, बारीक, धारदार. मुख्य चालीला मी हाच वापरतो. ७५ टक्क्यांच्या नादी लागू नका, कानाला ते २५ सारखंच लागतं.

एका पिनवर एका वेळी एकच सूर, मग कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, कसा काढायचा? सा, ग, प म्हणजे २७७, ३४९, ४१५ हर्ट्झ, प्रत्येकी २० मिलिसेकंद, गोलगोल फिरवत राहायचे. कान फसतो आणि तो गेमवाला थरथरता आवाज येतो. १०० मिलिसेकंद केले की मात्र तीन सुटे सूर ऐकू येतात, मग ते सरगम शिकणाऱ्या पोरासारखं वाटतं.

तालाला दर १०० मायक्रोसेकंदांनी रँडमनं पिन हाय किंवा लो करा, एकूण ३० मिलिसेकंद, बास. गणपतीतल्या ताशाची काडी पडल्यासारखं कडकतं, ढोलाची मात्र आशा सोडा.

आवाज बारीक वाटला तर पितळी चकतीवाला पिझो बझर घेऊन डबल टेपनं रिकाम्या पत्र्याच्या डब्याला चिकटवा, तंबोऱ्याला भोपळा असतो तसा. बिस्किटाचा डबा चालतो, स्टीलचा जाड डबा घुमत नाही.